अकरा नंबरचं पाणी

आमच्या एएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात हात धुवायला शिकवतात. जन्मभर हात धूत आलेल्या चाळीस मुली रांगेत उभ्या राहून बोटांच्या बेचक्या चोळतात आणि मनातल्या मनात हसतात. दुसऱ्या आठवड्यात अंथरूण घालायला शिकवतात आणि तिसऱ्यात बेडपॅन. तोही द्यायला नाही, आधी घ्यायला. आमच्या संघप्रिया मॅडमनी प्रत्येकीला प्रॅक्टिकलच्या खोलीतल्या कॉटवर आडवं केलं, युनिफॉर्मसकट कमरेखाली तो थंडगार स्टीलचा पॅन सरकवला आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं अशीच पडून राहा. बाकीच्यांनी हिच्याकडे बघत उभं राहायचं."

माझी पाळी आली तेव्हा मी इतकी खिदळले की कॉट करकरायला लागली. माझी मैत्रीण सोनल तर फोटो काढायला निघाली होती. मॅडम रागावल्या नाहीत. "हसून घ्या," म्हणाल्या, "पेशंटला हसता येत नाही." मी वहीत लिहिलं, 'पेशंटचा संकोच लक्षात घ्यावा', आणि त्या वहीला मला दहापैकी नऊ मार्क पडले. त्या नऊ मार्कांची आठवण आली की आजही माझे कान गरम होतात.

मी कोळ्यांची. आमचं गाव खाडीला लागून, नेरूळच्या सोसायट्यांच्या मागे. कॉलेजात मात्र कोणी विचारलं की मी सेक्टरचा नंबर सांगते. ते खोटं नाही, सिडकोच्या नकाशात आमचं गावही कुठल्यातरी सेक्टरातच बसवलंय. पण सेक्टर म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लिफ्ट येते आणि गाव म्हटलं की सुकत घातलेले बोंबील, एवढं मला कळत होतं. आमच्या आईचं तर याच्या पुढचं. तिने गावभर सांगून ठेवलं होतं की माझी मिताली डॉक्टरांच्या हाताखाली लिहायचं काम शिकतेय, पेशंटला बोटसुद्धा लावावं लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज संध्याकाळी मी घरी जाऊन दुसऱ्यांची घाण काढलेले हात साबणाने घासायचे आणि आई शेजारणीला माझ्या अक्षराचं कौतुक सांगायची.

मे महिन्यात आमची ड्युटी हाडांच्या वॉर्डात लागली, सकाळी आठ ते चार. प्रत्येकीला एकेक पेशंट दिला. मला अकरा नंबर मिळाला. कॉटच्या पायथ्याशी जाऊन कागद बघितला. चंद्राबाई, वय सहासष्ट. आमच्या आळीतली चंद्राकाकी. आई तिला काकी म्हणते म्हणून आम्हीही काकीच म्हणतो. माझ्या आजीबरोबर, म्हणजे गोजराबरोबर, तिने कितीतरी वर्षं मासळी विकली होती. मार्केटच्या ओल्या फरशीवर घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. गुरुवारी ऑपरेशन होतं. तोवर पायाला वजन लटकवून तिला उताणी ठेवली होती.

मी पहिलं काम काय केलं, तर खिशातला मास्क काढून डोळ्यांपर्यंत चढवला. दुसरं काम, छातीवरचा नावाचा बिल्ला उलटा फिरवला.

"गुड मॉर्निंग आजी. कसं वाटतंय आता?" मी अगदी टीव्हीतल्या बाईसारखं म्हणाले.

काकी माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. "बरा हाय," म्हणाली. मग विचारलं, "कुठशी येतेस गो पोरी?"

"सेक्टर अठरा."

"हां. सेक्टर," काकी म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे केलं. परत काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, ओळखलं नाही. म्हातारं माणूस, दुखण्यात आहे, चष्माही नाही.

माझं काम फार अवघड नव्हतं. नाडी, ताप, बीपी बघायचं, पाठ पुसून पावडर लावायची, आणि आयओ चार्ट भरायचा. म्हणजे पेशंटच्या पोटात पाणी, चहा, पेज किती गेली ते एका रकान्यात आणि लघवी किती झाली ते दुसऱ्यात, दोन्ही मापाच्या जगने मोजून. त्यासाठी दर दोन तासांनी पाणी विचारायचं आणि पॅन विचारायचा. दहा वाजता मी पॅन घेऊन गेले. हातात तो धरून काकीसमोर उभी राहिले आणि मला वाटलं, उद्या ही बरी होऊन गावात गेली, आणि पाणवठ्यावर म्हणाली की गोजराच्या नातीने माझ्याखाली भांडं धरलं, तर आईने कुठे तोंड लपवायचं? माझा चेहरा मास्कच्या आत होता, पण हाताचं काय करणार? हात अवघडले होते आणि ते दिसत होतं.

"नको गो," काकी म्हणाली. "आता नाय लागली."

"मग पाणी?"

"नको."

मी 'बरं' म्हटलं आणि पॅन घेऊन अक्षरशः पळाले. खरं सांगायचं तर, तिने नको म्हटल्याचा मला आनंद झाला. एक नर्स होऊ घातलेली मुलगी, आणि मे महिन्यात सहासष्ट वर्षांच्या बाईने पाणी नको म्हटल्याचा तिला आनंद झाला.

बारा वाजता मी लांबूनच विचारलं. दोन वाजता विचारलंच नाही. पण चार्टचे रकाने तर भरायला हवेत. संघप्रिया मॅडमचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जे लिहिलं नाही, ते केलंच नाही." म्हणजे न लिहिण्याची चोरी. सोनल शेजारच्या बारा नंबरवर होती. तिने मला गुपित सांगितलं. "दोनशे, तीनशे असं गोल लिहू नको यार, मॅडमला डाऊट येतो. दोनशे दहा, एकशे पंच्याऐंशी असं लिही. टेन्शन नाय." मी बारा नंबरचा चार्ट बघून अकरा नंबरचा भरला, इकडे दहा वाढवून, तिकडे पाच कमी करून. पाणी दोनशे दहा. चहा ऐंशी. लघवी दोनशे पासष्ट. खाली माझी सही. अक्षर खरंच छान आहे माझं, आई काही चुकीचं सांगत नव्हती.

मंगळवारी तेच केलं. काकीचा मुलगा सूरज द्रोणागिरीला गोदामात कामाला, तो संध्याकाळी सहा वाजता यायचा. मी चारला निघायचे, त्यामुळे तिथेही माझं फावलं. काकीच्या उशाजवळची पाण्याची बाटली सकाळी जितकी भरलेली होती तितकीच दुपारी होती. मी ती बघितली होती. दिसली नाही असं मी म्हणू शकत नाही.

बुधवारी सकाळी काकी जास्त झोपून होती. मी पाठ पुसायला गेले तर डोळे न उघडता म्हणाली, "गोजरा, टेम्पो आला काय गो?" आजीला जाऊन सहा वर्षं झाली. मग वाटलं, औषधाची गुंगी असेल. काकीचे ओठ सालटं निघाल्यासारखे झाले होते. मी रकान्यात लिहिलं, पाणी दोनशे वीस.

साडेअकराला संघप्रिया मॅडम डॉक्टरांबरोबर आल्या. तरुण डॉक्टर होते, रात्रभर जागलेले दिसत होते. त्यांनी काकीला हाका मारल्या, दिवस विचारला, काकीने एकादशी सांगितली. डॉक्टरांनी चार्ट चाळला. "काल दिवसा आत सतराशे चाळीस, बाहेर तेराशे पंच्याऐंशी. हे तर उत्तम आहे. मग गोंधळतात का? पडताना डोक्याला मार लागला असेल. सीटी स्कॅन करू या. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये हलवावं लागेल." मोडलेल्या खुब्यासकट, ट्रॉलीवर, तीन मजले उतरून.

मॅडम मात्र चार्टकडे बघतच नव्हत्या. त्यांनी वाकून काकीच्या कपाळावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. मग त्यांनी काकीला तोंड उघडायला लावलं आणि जीभ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं सगळा वॉर्ड माझ्याकडे बघतोय.

"मिताली, आकडे तू मोजलेत?"

"हो मॅडम."

"प्रत्येक वेळेला? जगने?"

"हो मॅडम."

एवढं मी म्हणाले, दोनदा, स्पष्ट आवाजात. आणि तेव्हा काकीने डोळे उघडले. तिला शब्द जुळवायला कष्ट पडत होते. जीभ टाळूला चिकटत होती.

"मोजला, मॅडम," काकी म्हणाली. "पोरीनं मोजून दिलाय पानी. तिला बोलू नका. लय करते माजा."

डॉक्टर म्हणाले, "बघा, पेशंट स्वतः सांगतायत," आणि स्कॅनचा कागद लिहायला लागले.

मी आजवर खूप बोलणी खाल्लीत. आईची, मॅडमची, बसच्या कंडक्टरची. पण कोणाच्या बोलण्याने मी इतकी मेले नव्हते जितकी या चांगल्या शब्दाने मेले. ही बाई तहानेने भ्रमिष्ट झाली होती आणि त्यातूनही माझ्यासाठी खोटं बोलत होती. मला वाटलं, आपण गप्प राहिलो तर काय होईल? ही स्कॅनला जाईल, डोक्यात काही निघणार नाही, मग दुसरी तपासणी, मग तिसरी. आणि पाणी कोणीच देणार नाही, कारण कागदावर ती भरपूर पाणी पीत होती.

"खोटे आहेत," मी म्हणाले.

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"आकडे. सगळे. तीन दिवसांचे. मी एकदाही मोजलं नाही. त्यांनी पाणी घेतलंच नाही." मग मला रडू आलं आणि मास्क ओला झाला, पण रडण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. सलाईन लागलं, रक्त गेलं, तासाभरात रिपोर्ट आला. किडनीवर ताण पडला होता. डॉक्टर माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते थकलेल्या आवाजात एवढंच म्हणाले, "लघवी नीट होतेय असं दिसलं म्हणून मी दुखण्याचं इंजेक्शन दोन वेळा चालू ठेवलं. कोरड्या पडलेल्या किडनीला ते विष असतं. हे मी दिलं, सिस्टर. तुमच्या आकड्यावर." आणि ते निघून गेले. गुरुवारचं ऑपरेशन नऊ दिवस पुढे गेलं.

मॅडमनी मला वॉर्डातल्या टेबलाशी बसवलं आणि तीन दिवसांचा चार्ट समोर ठेवला. मी व्हाइटनर शोधायला लागले.

"ते ठेव," मॅडम म्हणाल्या. "चुकीची नोंद पुसायची नसते. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला लिही, 'खोटी नोंद', आणि पूर्ण नाव लिहून सही कर. प्रत्येक आकड्याला."

चव्वेचाळीस आकडे होते. दोनशे दहा, रेघ, खोटी नोंद, सही. एकशे पंच्याऐंशी, रेघ, खोटी नोंद, सही. शेजारून सिस्टर जात होत्या, मावशी जात होत्या, सगळ्यांना वाचता येत होतं. सोनल एकदा येऊन वाचून गेली. त्या दुपारी तिने बारा नंबरच्या बाईला जगने मोजून पाणी दिलं, तेवढं मी बघितलं.

"मॅडम, मला दुसरा पेशंट द्या," मी शेवटी म्हणाले. "मला त्यांच्यासमोर जाता येणार नाही."

"तुझी ड्युटी उद्यापासून दुपारी दोन ते आठ, माझ्या नजरेखाली," मॅडम म्हणाल्या. "आणि अकरा नंबरच. लाज वाटते ना? मग जा. ज्या कामाची वाटायला नको होती त्याची वाटली, आता ज्याची वाटायला हवी त्याची वाटू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी बरीच शुद्धीवर होती. मी मास्क हनुवटीवर ओढून, बिल्ला सरळ करून तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, पण तिथे काहीच आठवलं नाही. काकीच बोलली.

"उतरवलास तो फडका? बरा केलास. जीव घुसमटत असंल."

"काकी, तू मला ओळखलं होतंस?"

"पयल्याच दिशी. तोंड झाकलास, पन चाल कुठं झाकशील? गोजराचीच चाल हाय तुजी. एका टेम्पोनं जायचो आमी मार्केटला."

"मग पाणी का नाही प्यायलीस? भांडं का नाही मागितलंस?"

"तुजी आयस गावभर सांगते, माजी पोर पेशंटला बोट पन लावत नाय, निस्ता लिवते. आनि तू माज्याम्होरं भांडा घेऊन उभी, हात कापतान तुजे. म्हटला, पोरीला लाज वाटते, कनाला तिला लाजवायचा? रातच्याला भांडा मागितला का वार्डातली मावशी वरडते. म्हटला, पानीच नको पियाला, सूरजच्या हातचा पन. पानी नाय तर भांडा नाय."

ती हे इतकं सहज बोलली, बाजार उरकल्याचा हिशोब सांगावा तसं. मी तिथे उभी होते आणि मला प्रॅक्टिकलच्या खोलीतली ती पाच मिनिटं आठवली. तेव्हा सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी हसत होते. काकीकडे बघणारी मी एकटीच होते, आणि मी एकटीच पुरले. मी तिची माफी मागितली. काकी म्हणाली, "जाऊ दे गो," आणि त्या 'जाऊ दे'ने काहीच गेलं नाही.

पाच वाजता भेटीची वेळ झाली आणि दारातून आमची आई आली. बरोबर आळीतल्या दोघी, पुतळामावशी आणि तिची जाऊ, हातात पेजेचा डबा. मला काही कळायच्या आत तिघी अकरा नंबरजवळ.

"अगो, मिताली हितं कशी?" पुतळामावशी म्हणाली.

"हितंच तर शिकते ती," आई घाईघाईने म्हणाली. "डॉक्टरांच्या हाताखाली. लिवायच्या कामाला." माझ्या गळ्यात पेन अडकवलेलं होतं, तिकडे आईने बोट दाखवलं. पुतळामावशीने मान डोलावली.

काकीला सकाळपासून सलाईनच्या दोन बाटल्या गेल्या होत्या. मी तिच्या हाताकडे बघितलं. तिने चादरीचा काठ मुठीत आवळला होता आणि चांगला पाय पोटाशी घेतला होता. आदल्या दिवशीपर्यंत मी ते बघूनही बघितलं नसतं. काकीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. ती पुन्हा रोखून धरत होती. माझ्यासाठी, नाहीतर आता माझ्या आईसाठी.

मला वाटलं, शेजारच्या कॉटचा ताप बघायला जावं. दोन पावलं गेलेसुद्धा. हेही सांगितलं पाहिजे.

मग मी वळले आणि घरी बोलतो तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकी, भांडा आनू?"

आई बोलता बोलता मध्येच थांबली. काकीने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे केलं आणि मान डोलावली.

मी पॅन गरम पाण्याने धुऊन घेतला, शिकवलं होतं तसं, अंगाला थंड लागू नये म्हणून. पडदा ओढला. काकीला चांगला गुडघा दुमडायला सांगितलं, कमरेखाली हात घातला, हळूच उचललं आणि पॅन सरकवला. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग स्टीलवर आवाज आला. पडद्याबाहेर तिघी उभ्या होत्या आणि तो त्यांना ऐकू येत होता. मी तिला पुसलं, स्वच्छ केलं, पांघरूण सारखं केलं आणि पॅनवर फडकं टाकून पडदा सारला.

बाथरूम दुसऱ्या टोकाला होतं. मी आईच्या अगदी जवळून गेले. तिने पदर आवरून घेतला, माझा धक्का लागू नये म्हणून. ती माझी आई आहे, आणि तिने पदर आवरून घेतला. मी चालत राहिले.

जगमध्ये मोजलं. एकशे साठ. कडक चहासारखी गडद होती. हात धुतले, बेचक्यांसकट, आणि येऊन चार्टवर लिहिलं. वर चव्वेचाळीस रेघा होत्या आणि प्रत्येकीच्या खालचं वाचता येत होतं. आई माझ्या खांद्यावरून त्या कागदाकडे बघत होती. मराठीत लिहिलं होतं, 'खोटी नोंद'. आईला तेवढं वाचता येतं.

"मिताली," काकी म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मला नावाने हाक मारली. "आता पानी दे. गिलास भरून दे."

मी मापाने भरून दिला. मानेखाली हात घालून तिचं डोकं उचललं. तिने एकदाही न थांबता सगळा प्यायला, हनुवटीवरून थोडं ओघळलं ते हाताने पुसलं. मग रिकामा ग्लास आईच्या आणि पुतळामावशीच्या समोर धरून उपडा केला आणि माझ्याकडे बघितलं.

"लिव," काकी म्हणाली.